राणीचा निवाडा

अख्खं गाव एका शेळीच्या मुतण्याची वाट बघत बसलंय, असं कधी पाहिलंय का कुणी? आमच्या हिवरवाडीनं पाहिलंय. मारुतीच्या पारावर बापे, पाराखाली बाया, आणि मधोमध लिंबाच्या बुडाला बांधलेली माझी राणी. तिला घमेलंभर पाणी पाजून झालं होतं. वर चिमूटभर मीठ चाटवून पुन्हा पाणी दाखवलं, तेही ती प्याली. आणि आता निवांत रवंथ करत सगळ्यांकडं बघत उभी होती.

"खाली बसून मुतली तर शेळी," बशीरचाचा म्हणाले, "उभ्यानं मुतला तर बोकड. मग कौसा, तूबी बोलायचं न्हाई आन् धुरपदानंबी बोलायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

"कबूल," पलीकडून धुरपदाक्का म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बशीरचाचा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले शेळ्यांचे जुने व्यापारी. जनावराच्या पाठीवर नुसता हात फिरवून ते वजन सांगायचे. पण त्या दिवशी राणीला पुढून बघितलं, मागून बघितलं, शेपूट उचलून बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवत बसले. तेव्हा हा मुताचा निवाडा त्यांना सुचला.

आता एवढी वेळ का आली ते सांगते.

मी नुकतीच वेगळी राहिले होते. सासरच्या घरातून आम्हाला एक पत्र्याची खोली आणि दोन पातेली मिळाली. आमचे हे दुसऱ्याच्या शेतात सालानं कामाला. शेजारी धुरपदाक्काचं घर. बाई एकटी, विधवा, आणि दावणीला शेळ्याच शेळ्या. लहानपणी शेळीचं शिंग लागून तिचा एक डोळा गेलेला. तेव्हापासून तिच्या दावणीला शिंगाचं जनावर चालायचं नाही. सगळ्या बिनशिंगी. लोक म्हणायचे, आक्काची दावण म्हणजे भुंड्यांची जत्रा. पण शेळ्या देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू.

मी वेगळी झाले त्याच आठवड्यात आक्कानं एक करडू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "घे. वाढव."

मी ते संध्याकाळी तिच्या दावणीला परत बांधून आले. माझी आई म्हणायची, फुकटचं घेतलं की मान वर करून बोलता येत नाही. आणि मला तर मान वर केल्याशिवाय बोलताच येत नाही.

"लई ताठ हायीस गं," आक्का म्हणाली.

"वाट्यानं दे," मी म्हटलं. "वाट्यानं दिलीस तर घेते."

मग वाटा ठरला. तिची कबरी नावाची शेळी माझ्या खुंट्याला येणार. चारा माझा, राखण माझी, दूध माझं. बोकड जेवढे होतील तेवढे आक्काचे. पहिली पाट होईल ती माझी. आणि ती पाट वयात आली की कबरी परत आक्काच्या दावणीला. आमच्याकडं शेळीच्या तरण्या पिलाला पाट म्हणतात. एक पाट हातात आली की तिच्या पोटी दुसरी, दुसरीच्या पोटी तिसरी. मग बाई दुसऱ्याची शेळी राखणारी राहत नाही, तिची स्वतःची दावण होते. मला ती दावण पाहिजे होती. माझ्या नावावर दुसरं काही नव्हतं, नवरा सोडला तर, आणि तोही सालगडी म्हणून दुसऱ्याच्या नावावर.

आक्कानं एकच अट वर घातली. "कबरीला शिंगाच्या बोकडाकडं न्यायची न्हाई. ओढ्यापल्याडच्या वस्तीवर बिनशिंगी हाय, त्याच्याकडं ने."

नेली. बोकड झाला. पुन्हा नेली, पुन्हा बोकड झाला. दोन्ही आक्काच्या दावणीला गेले. मी चुलीपुढं बसून रडले. आमचे हे म्हणाले, "कबरीचंबी बरोबर हाय, तुझंबी बरोबर हाय." हे त्यांचं नेहमीचंच. देव आणि राक्षस भांडले तरी हे दोघांचंही बरोबर म्हणतील.

तिसऱ्या वेताला राणी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आक्का तिथंच होती. तिनं वार पडेपर्यंत दम धरला, पिलाला पुसलं, शेपूट उचललं आणि एका डोळ्यानं बराच वेळ बघत राहिली.

"आक्का, सांग की. माझा जीव चाललाय."

"हितं हरभऱ्याच्या दाण्याएवढं काय तरी हाय," ती म्हणाली.

"ओल्या पिलाला काय काय चिकटलेलं असतंय. पाट हाय का न्हाई?"

आक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग शेपूट खाली सोडलं. "पाटच म्हन," ती म्हणाली.

त्या दिवशी मी गल्लीत गूळ वाटला. पाट झाली म्हणून गूळ वाटणारी बाई गावानं पहिल्यांदाच बघितली.

राणी वाढली ती अशी, की बघणाऱ्याची नजर लागावी. छाती रुंद, मान जाड. कपाळ तर असं टणक की पत्र्याला धडक दिली तर शेजारचं पोर दचकून उठायचं. मला अभिमान वाटायचा. मग हळूहळू वेगळंच सुरू झालं. ती कबरीच्या अंगावर चढायला बघायची. रस्त्यानं कुणाची शेळी गेली की नाक वर करून ओठ मुरडायची. दाढी फुटली. आणि वास सुटला. बोकडाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्यानं नशीब समजावं.

त्याच सुमाराला आक्का एके दिवशी आली, कबरी माजावर होती, तिचं दावं सोडलं आणि म्हणाली, "मी नेते हिला. खालच्या आळीच्या शिरप्याच्या बोकडाकडं."

"शिरप्याच्या? त्याला तर हातभर शिंगं हायेत."

"असू देत. बदल पायजे."

मला नवल वाटलं, पण म्हातारं माणूस, कधी काय मनात येईल सांगता येत नाही. कबरी फळली. पोट दिसायला लागलं. आणि मग एक दिवस सकाळी आक्का माझ्या अंगणात येऊन उभी राहिली, राणीकडं बोट दाखवून म्हणाली, "कौसा, हा बोकड हाय. माझा हाय. मी न्यायला आलेव."

माझ्या हातातला खराटा खाली पडला.

"बोकड? आक्का, तूच म्हनलीस पाट हाय म्हनून."

"तवा म्हनले. आता दिसतंय ते बोलायलेव. वास बघ त्याचा."

"वास तर आमच्या ह्यांच्या अंगालाबी येतोय. न्हेतीस का त्यांना?"

हे पलीकडं दात घासत होते. ते म्हणाले, "आक्काचंबी बरोबर हाय."

मला सगळं उमगलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. ईद तोंडावर आली होती. असा भरलेला, देखणा बोकड हातोहात गेला असता. म्हातारीला हाव सुटलीय, दुसरं काय. दोन बोकड घेऊन पोट भरलं नाही, आता माझ्या पाटीवर डोळा. एकच तर डोळा आहे, तोही माझ्या पाटीवर. असं मी तिला तोंडावर बोलले. गल्लीतल्या बायांनी ऐकलं. आक्का म्हणाली, "बोल काय बोलायचं ते. पर बोकड हाय. माझं जित्राब मी सोडनार न्हाई."

झालं, ते प्रकरण पारावर गेलं.

तर आम्ही तिथं बसलो होतो. ऊन कलायला लागलं. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी राणीला "हूं, हूं" करून उत्तेजन देत होतं. तेवढ्यात रस्त्यानं कुणाची तरी शेळी चालली. राणीनं नाक वर केलं, ओठ मुरडला आणि दाव्याला असा हिसका दिला की लिंबाची पानं खाली आली.

"बघा," आक्का म्हणाली. "शेळी अशी करती का?"

"मैत्रीण हाय तिची," मी म्हटलं. "वळख दाखवायली."

पारावर हशा पिकला.

"तिला सड हायेत," मी पुढं म्हटलं. "मोजून बघा."

"बोकडालाबी सड असत्यात," बशीरचाचा म्हणाले. "आपल्यालाबी हायेत की. त्यानं काय व्हतंय."

पुन्हा हशा. मी मात्र हसत नव्हते. राणी बोकड ठरली तर ती जाणार, आणि मी पुन्हा कबरीच्या शेपटाकडं बघत बसणार. पुन्हा वाट, पुन्हा काय होतंय ही धाकधूक. मला वाट बघायचा कंटाळा आला होता. मी मनात मारुतीला म्हटलं, बाबा, तुझं ब्रह्मचर्य तुला लखलाभ, पण एवढी एक शेळी मला दे.

आणि राणीनं रवंथ थांबवला. मागचे पाय फाकवले. पाठ वाकवली आणि अगदी सोज्वळपणे खाली बसून मुतली.

"शेळी," बशीरचाचा म्हणाले आणि टोपी डोक्यावर घातली.

बापे टाळ्या वाजवत उठले. मी राणीच्या गळ्यात पडले, वासासकट. वर बघितलं तर आक्का तशीच उभी होती. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कौसा, अजून इचार कर. पाट ठरली म्हंजी कबरी मला न्यावी लागल."

"ने की. बोली ती बोली."

"गाभन हाय ती."

"तुझीच हाय. ने."

आक्कानं कपाळावर हात मारला आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कबरीला घेऊन गेली. जाताना कबरी मागं वळून ओरडत होती. पण मी राणीच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभी राहिले. माझी दावण सुरू झाली होती.

दावण कसली. राणी माजावर येईना. वाट बघून बघून मीच तिला ओढ्यापलीकडच्या वस्तीवर घेऊन गेले. तिच्या बापाकडं नको म्हणून त्याच वस्तीवरचा दुसरा बोकड बघितला. तो आला, त्यानं हुंगलं, त्याला काही कळेना. राणीला मात्र कळलं. तिनं त्याला अशी धडक मारली की तो उकिरड्यावर जाऊन बसला. वस्तीवरची म्हातारी म्हणाली, "बाई, आमच्या बोकडाला मारायला आनलीस का फळवायला?"

मग मात्र मी तिला घेऊन बाजाराच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी राणीला नीट तपासलं, शेपूट उचललं, पोट चाचपलं, आणि मग तिच्या कपाळावरून हात फिरवला. शिंगं असतात तिथून.

"हिच्या आईला शिंगं आहेत?"

"न्हाईत."

"बापाला?"

"त्यालाबी न्हाईत. मुद्दाम तसाच बघितला."

बाईंनी मान हलवली. "मावशी, ही शेळी म्हणूनच रुजली होती. पण आई आणि बाप दोघंही बिनशिंगी असले की कधी कधी पोटातच गडबड होते. पाट व्हायची ती धड पाटही होत नाही आणि बोकडही होत नाही. ही कधी गाभण राहणार नाही."

मी खुर्चीवर बसले. कुणी बस म्हणालं नव्हतं.

"माझ्या राखनीत काय चुकलं?"

"काहीच नाही. जोडी चुकली. बिनशिंग्या शेळीला नेहमी शिंगवाला बोकड लावायचा. दोघांपैकी एकाला तरी शिंगं हवीत." मग त्यांनी राणीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका बघितला आणि थांबल्या. "तुम्ही हिवरवाडीच्या का? तिथल्या एक आजी येऊन गेल्या मागं. एका डोळ्यानं अधू. असंच वर्णन सांगत होत्या, काळी, कपाळावर ठिपका, ओठ मुरडते, वास येतो. मी त्यांनाही हेच सांगितलं. जनावर त्यांचं आहे म्हणाल्या होत्या."

"कधी आल्या व्हत्या?"

"बरेच दिवस झाले. पावसाळा संपता संपता." त्या हसल्या. "लक्षात राहिल्या, कारण जाताना त्यांनी विचारलं, अशा जनावराला बोकड म्हटलं तर खोटं बोलल्याचं पाप लागेल का? मी म्हटलं, आजी, अर्धं लागेल. तर म्हणाल्या, अर्धं चालतंय, वाट्यानंच हाय."

मी परत कशी आले मला आठवत नाही. रस्ताभर माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. पावसाळा संपता संपता, म्हणजे पाराच्या कितीतरी आधी. शिरप्याच्या बोकडाकडं कबरीला नेली त्याच्याही आधी. राणी बोकड ठरली असती तर ती आक्काच्या गळ्यात पडली असती, आणि गाभण कबरी माझ्या खुंट्याला राहिली असती, पाट होईपर्यंत. म्हातारी माझं घ्यायला आलीच नव्हती. वांझ जनावर स्वतःकडं ओढून घ्यायला आली होती, आणि मी चार लोकांत भांडून, शेळीला मुतवून, ते जिंकून आणलं होतं.

आक्का अंगणात अंबाडीचं दावं वळत बसली होती. राणीला धरून मी तिच्यापुढं उभी राहिले.

"आक्का, तू दवाखान्यात गेलतीस?"

"गेलते. गुडघा दुखतोय."

"जनावरांच्या दवाखान्यात?"

"म्हाताऱ्या माणसाला काय, कुठला बी चालतोय."

"मला सांगितलं का न्हाईस?"

तिनं दावं बाजूला ठेवलं. "सांगून काय केली असतीस? म्हनली असतीस, माझं नशीब. बोली ती बोली म्हनून कबरी माझ्याकडं आनून बांधली असतीस आन् ह्याला घेऊन बसली असतीस. एक करडू फुकट दिलं तर सांजच्याला परत आनलीस तू. तुला काय द्यायचं म्हंजी भांडूनच द्यावं लागतंय." मग म्हणाली, "भांडायलाबी गेले, तर तूच जिंकलीस. आता मी तरी काय करू?"

मला हसायलाही आलं आणि रडायलाही आलं. दोन्ही एकदमच आलं. मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि तिच्या पदरात तोंड घालून रडले. तिच्या एका डोळ्यावरून मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं. ती माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिली, शेळीला मारतात तशा.

"तू मला फुकटच देत व्हतीस," मी म्हटलं.

"न्हाई गं. वाट्यानंच देत व्हते. बोकड माझा, पाट तुझी. फक्त हे बोकड हाय का न्हाई ते तू ठरवू दिलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता आणि बाजाराला निघालेली माणसं पारावर जमली होती. बशीरचाचाही होते. मी पदर खोचला, राणीला घेऊन पारापुढं उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "चाचा, निवाडा फिरवा. राणी बोकड हाय. मी हरले."

बशीरचाचांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. "आगं, सगळ्या गावासमोर खाली बसून मुतली की ती."

"लाजली असंल. एवढे बापे बघत व्हते."

"म्हंजी परत मुतवायचं का?" कुणीतरी मागून विचारलं, आणि हसता हसता एकाला तंबाखूचा ठसका लागला. मी त्यांना हसू दिलं. जन्मात मी कुणापुढं हरले नव्हते, आणि त्या दिवशी अख्ख्या गावापुढं हरले. पण मान काही खाली गेली नाही. आईचं सगळंच बरोबर नव्हतं म्हणायचं.

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग पलीकडून काठी टेकत येणाऱ्या आक्काकडं बघितलं. ते शेळ्यांचे व्यापारी होते, माणसंही त्यांना कळायची. "बोकड," ते म्हणाले. "धुरपदाचा. आन् कबरी कौसाच्या खुंट्याला. आता पुन्हा माझ्याकडं ही शेळी आनू नका."

आमचे हे गर्दीतून म्हणाले, "चाचाचंबी बरोबर हाय."

राणी आक्काकडं गेली आणि म्हातारीनं तिला शेवटपर्यंत सांभाळलं. वाया नाही गेली ती. कुठल्या शेळीला माज आलाय हे तिला माणसाच्या आधी कळायचं. गावातल्या बाया सकाळी आपल्या शेळ्या आक्काच्या अंगणातून फिरवून न्यायच्या. राणीनं नाक वर केलं की बाई बोकडाकडं पळायची. आता मी पशुसखी म्हणून वाड्यावस्त्यांवर शेळ्या बघत फिरते. पहिला प्रश्न शिंगाचाच विचारते. बाया हसतात.

कबरी माझ्या अंगणात व्याली. एक बोकड, एक पाट. बोकड आक्काचा. ह्या वेळी आक्कानं शेपूट उचललं, बघितलं आणि चटकन म्हणाली, "पाट हाय. सोळा आने."

पिलं उड्या मारायला लागली तेव्हा एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी पाट उचलून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं मधेच थांबली. कातडीखाली दोन बारीक टणक दाणे वर येत होते. शिरप्याच्या बोकडाची शिंगं. मी हात पुढं केला. आयुष्यभर त्या बाईनं शिंगाच्या जनावराला जवळ येऊ दिलं नव्हतं.

"आक्का, उचलू का तिला?"

"राहू दे."

ती त्या दाण्यांवर अंगठा फिरवत राहिली. पाटीनं तिच्या हाताला हळूच धडक दिली.

"टोचायलंय गं," आक्का म्हणाली, आणि हात काही काढला नाही.